उक्षीचा मेळावा टिकवायचा तर

कोकण रेल्वेची इंजिने, वेळापत्रके आणि बोगदे यांवर वर्षभर फोनवरून हिरिरीने वाद घालणारे आम्ही रेल्वेप्रेमी दर पावसाळ्यात एकदा रत्नागिरी तालुक्यातील उक्षी येथे जमतो. एरवी आम्ही एकमेकांना टोपणनावांनीच ओळखतो; कुणी इंजिनाच्या वर्गाचे नाव घेतलेले असते, कुणी शेडचे, म्हणजे इंजिनांची देखभाल होते त्या आगाराचे. करोनाकाळात मेळावा बंद पडला, तो पुन्हा सुरू करणे फारसे अवघड गेले नाही. खरी कसोटी लागली ती त्यानंतर.

२०२२ च्या जूनमध्ये रोहा ते ठोकूर या मार्गाच्या संपूर्ण विद्युतीकरणाचे लोकार्पण झाले आणि प्रवासी गाड्यांची डिझेल इंजिने पाहता पाहता दिसेनाशी झाली. आमच्यातील अनेक जुने सदस्य येत होते ते त्यांच्यासाठीच. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यातून बाहेर पडणारे डिझेल इंजिन आधी ऐकू यायचे आणि मग दिसायचे; ते गेल्यावर येण्यात अर्थ काय, हा त्यांचा प्रश्न मला आजही गैर वाटत नाही. त्यांची समजूत घालण्यापेक्षा मेळाव्याला दुसरे काही प्रयोजन शोधणे आवश्यक होते, आणि ते आम्हाला रुळांवर पायी चालणाऱ्या माणसांमध्ये सापडले.

पावसाळ्यात गस्त घालण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या एका निवृत्त ट्रॅकमनना आम्ही बोलावले. भाषण करायला त्यांचा ठाम नकार होता. गप्पा मारायला मात्र ते तयार झाले. दरड कोसळलेली दिसली की काय करायचे, हे त्यांनी आम्ही बसलो होतो त्या पडवीच्या जमिनीवर खडूने रेघ ओढून दाखवले. हाती लाल दिवा धरून धोक्याच्या जागेपासून गाडीच्या दिशेने धावत सुटायचे, ६०० मीटरवर रुळावर एक डेटोनेटर, म्हणजे इशाऱ्याचा फटाका, बसवायचा, तसेच पुढे १,२०० मीटरपर्यंत जाऊन तेथे दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन बसवायचे. चाक वरून गेले की तो फुटतो आणि मुसळधार पावसातही लोको पायलटला आवाज जातो. एका मुलाने विचारले, “पण मामा, मार्ग एकेरी आहे, गाडी दुसऱ्या बाजूने आली तर?” त्यावर ते म्हणाले, “म्हणून जिकडची गाडी आधी यायची, तिकडे आधी धावायचं. गस्तीला निघताना कुठली गाडी कुठे आहे ते डोक्यात असायलाच हवं.” पावसाळी वेळापत्रकावर आम्ही वर्षानुवर्षे टीका करत आलो होतो, आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याचा नियमही आम्हाला तोंडपाठ होता, परंतु त्या वेगाचा संबंध अंधारात धावणाऱ्या माणसाच्या पायांशी आहे, हे त्या दुपारी प्रथम उमगले. त्या वर्षीपासून रुसलेले काही जुने सदस्य पुन्हा येऊ लागले.

दुसरी गोष्ट वहीची. फलाटावर आलेल्या प्रत्येक गाडीची वेळ, गाडी क्रमांक, इंजिन क्रमांक, शेड आणि ती मुख्य मार्गावरून गेली की लूपवर (स्थानकातल्या बाजूच्या मार्गावर) घेतली, एवढे रकाने असलेली जाड पुठ्ठ्याची एक वही आमच्याकडे आहे. तिची काही पाने पावसाने फुगली आहेत, तर काही ठिकाणी शाई पसरून सातचा एक झाला आहे. ही वही पहिल्यांदा येणाऱ्याच्याच हाती द्यायची, असा आमचा दंडक आहे. नवखा मुलगा कोपऱ्यात फोन घेऊन बसला तर पुढच्या वर्षी येत नाही. नोंदी त्याच्याकडे असल्या की दर गाडीला सारे त्याच्याभोवती गोळा होतात, त्याची चूक काढतात, त्याच्याशी भांडतात, आणि संध्याकाळपर्यंत तो आमच्यातला झालेला असतो. माझ्या मते मेळावा तगला आहे तो या वहीमुळे.

तारखेचा घोळ आम्ही ज्यांच्या घरी उतरतो त्या यजमानांच्या काकूंनी कायमचा मिटवला: भाताची लावणी आटोपल्याशिवाय घरात पाहुणे नकोत. गणपतीच्या दिवसांत तिकीट मिळणे दुरापास्त, त्यामुळे लावणी आणि गणपती यांमधला शनिवार-रविवार ठरून गेला आहे. आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० वर आली असली तरी तारीख मे महिन्यातच पक्की करावी लागते. वर्गणीचा हिशेब आणि सगळी जुळवाजुळव दोघांकडे असते, एक जुना आणि एक नवा. एकाच्याच खांद्यावर सारे टाकले की तो माणूस दोन-तीन वर्षांत थकतो, आणि त्याच्याबरोबर मेळावाही.

एका बाबतीत आम्ही कुणाचेही ऐकत नाही. तिकिटाशिवाय फलाटावर पाऊल ठेवायचे नाही, स्टेशन मास्तरांना सांगितल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही, आणि रुळांवर तर उतरायचेच नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार हा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा किंवा एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आम्ही हेच म्हटले असते. रील्ससाठी बोगद्याच्या तोंडापर्यंत जाऊ पाहणाऱ्या दोघा-तिघांना परत पाठवले, ते पुन्हा आले नाहीत. त्याची मला हळहळ वाटत नाही.

यंदा काही जणांनी मेळावा रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाकडे न्यावा असे सुचवले आहे. ६४ मीटर उंचीचा तो पूल देखणा आहे आणि छायाचित्रे तेथे नक्कीच अधिक चांगली मिळतील. परंतु पुलावरून गाडी क्षणात निघून जाते. उक्षीला मार्ग एकेरी असल्याने समोरची गाडी येईपर्यंत एखादी गाडी लूपवर उभी राहते, तेवढ्या वेळात क्रमांक टिपता येतो, त्या इंजिनावर वाद घालता येतो आणि पहिल्यांदा आलेल्याला सिग्नल समजावून सांगता येतो. म्हणून मी उक्षीच्याच बाजूने मत देणार आहे, आणि यंदा जुन्यांपैकी जबाबदारी घेणारा कुणी पुढे आला नाही, तर ती माझ्याकडे द्यावी असेही कळवले आहे.