तुम्ही विचारलंत म्हणून: कशानं झालं हे त्याला?

माझ्या मुलाचे हात पाहिले की लोक विचारतात, "कशानं झालं हो हे?" उत्तराला थांबतही नाहीत. "गरोदरपणी काही खाल्लं होतंत का? साबण बदलून पाहिलात?"

पाहिला.

त्याला एक्झिमा आहे, म्हणजे इसब, खाज सुटणारा त्वचेचा आजार. तो काही दुर्मीळ नाही. काही देशांत पाचातल्या एका मुलाला तो होतो, बहुतेकांना पाच वर्षांच्या आतच. तरी जबाब आईनंच द्यायचा.

फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाशी त्याचा संबंध 2006 साली समोर आला. हे प्रथिन कमी पडलं की त्वचेत ओलावा टिकत नाही, बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात. वाचून तेव्हा हायसं वाटलं होतं, म्हणजे मी काही केलेलं नाही! पण बाई गं, जनुक आलं कुठून? शिवाय दोष असूनही कित्येकांना एक्झिमा होत नाही, आणि दोष नसतानाही कित्येकांना होतो. कोरडी हवा, घाम, लोकर, त्वचेवरचे जिवाणू यांनी तो भडकतो. एकच एक कारण मी कुठून आणू?

बालवाडीत एकदा हात धरून गोल करायचा खेळ होता. मी दारातच होते. शेजारच्या मुलीनं हात मागे घेतला. बाईंनी अगदी प्रेमानं आपला रुमाल काढला, एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं तिच्या. गोल पूर्ण झाला. तोही हसत फिरला. नंतर मी म्हटलं, "बाई, हा संसर्गानं होत नाही." "मला माहीत आहे हो," त्या म्हणाल्या, "पण बाकीचे पालक विचारतात ना."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं स्वतःहून रुमाल मागितला.

तेव्हापासून मी तुटक बोलते. लागत असेल तुम्हाला, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. मग रात्री तो खाजवत असतो, आणि तुमचेच प्रश्न मी स्वतःला विचारत बसते. जन्मल्यापासून रोज मॉइश्चरायझर लावलं असतं तर? ब्रिटनमध्ये 1,394 बाळांवर हेच तपासलं, 2020 साली निष्कर्ष आला. पहिलं वर्षभर रोज लावलेल्यांपैकी 23 टक्के बाळांना दोन वर्षांच्या वयात एक्झिमा होता, न लावलेल्यांपैकी 25 टक्क्यांना. म्हणण्याजोगा फरक नाही. आकडे पाठ आहेत, तरी प्रश्न जात नाही.

मोठेपणी जाईल का? पुष्कळांचा ओसरतो, सगळ्यांचा नाही. विचारायचं तर मला विचारा, फक्त त्याच्यासमोर नको.