फास्टनेटला क्रू म्हणून जायचं असेल तर

फास्टनेट ही शिडाच्या बोटींची शर्यत. इंग्लंडच्या दक्षिणेच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउझहून सुटायचं, आयर्लंडच्या नैऋत्येला असलेल्या फास्टनेट खडकाला वळसा घालायचा आणि फ्रान्समध्ये शेरबूरला पोहोचायचं. अंतर सुमारे ६९५ सागरी मैल. पहिली शर्यत १९२५ साली झाली. हल्ली ती दर विषम वर्षी उन्हाळ्यात होते. मोठ्या बोटी दोनेक दिवसांत येतात, छोट्यांना चार-पाच दिवस लागतात. नवख्यालाही क्रूमध्ये जागा मिळते, पण आयत्या वेळी नाही. आधीच्या शर्यतींमध्ये क्रूने ठरावीक मैल पार करून पात्र व्हावं लागतं, म्हणून स्किपर, म्हणजे बोटींचे कप्तान, हिवाळ्यातच माणसं हेरायला लागतात.

सगळ्यात आधी समुद्रातल्या बचावाचा कोर्स करा. नियमानुसार स्किपरसकट निदान ३० टक्के क्रूने तो गेल्या पाच वर्षांत केलेला असावा लागतो. उरलेल्या ७० टक्क्यांत आपण खपून जाऊ, या भरवशावर राहू नका. दोन नवख्यांतून निवडायची वेळ आली की प्रमाणपत्रवालाच आत जातो. कोर्समध्ये बूट-जॅकेटसकट तलावात उतरवतात आणि पालथा पडलेला लाइफराफ्ट (फुगणारा बचाव-तराफा) सरळ करायला लावतात. गॅस सिलिंडरच्या बाजूला उभं राहून तळाचा पट्टा ओढायचा आणि मागे रेलायचं. राफ्ट अंगावर येतो, तेव्हा न घाबरता उताणं राहून त्याच्याखालून बाहेर सरकायचं. १९७९च्या वादळात या शर्यतीतले १५ खलाशी जिवानिशी गेले. २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या, पण त्यांतल्या पाचच बुडाल्या. बोट पायाखालून खरोखर जात असेल तेव्हाच राफ्टमध्ये जा, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा बजावलं जातं.

लाइफजॅकेट शक्यतो स्वतःचं घ्या, किमान १५० न्यूटन तरंगशक्तीचं. मांडीचे पट्टे नसतील तर ते फुगल्यावर वर सरकतं आणि नाकातोंडावर येतं. पट्टे असून ढिले ठेवले तरी तेच. महिन्यातून एकदा उघडून पाहा. हादऱ्यांनी जॅकेट फुगवणाऱ्या छोट्या गॅस सिलिंडरचे आटे सैल होतात, आणि सैल सिलिंडरला भोक पाडणारी सुई पोहोचत नाही. सिलिंडर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. वजन त्यावर कोरलेल्या आकड्याशी जुळलं पाहिजे. गॅस न उडवता जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ लागलं तर गळती आहे.

जॅकेटला बोटीशी बांधणारा दोर, म्हणजे टेदर, तीन हुकांचा घ्या: एक फाटा दोन मीटरचा, एक एक मीटरचा. जोराचा झटका बसला की उसवून रंगीत खूण दिसेल अशी शिवण त्यात असते; खूण दिसली की टेदर बाद. २०१७ साली एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत टेदरचा हुक डेकवरच्या क्लीटखाली (दोर गुंडाळायच्या खुंटीखाली) अडकला, आडव्या ताणाने वाकून उघडला आणि एक खलाशी प्राणाला मुकला. म्हणून हुक अडकवताना आजूबाजूला क्लीट, कडी काय आहे ते पाहा. जिन्यातून डेकवर येण्याआधीच हुक लावा, डेकवर आल्यावर नव्हे.

बोट लागणं हा पहिल्या रात्रीचा खरा शत्रू. वारा बहुधा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा, म्हणजे समोरून. त्यात भरती-ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध वळला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोट आपटत राहते. गोळी उलटी झाल्यावर घेऊन उपयोग नाही. आदल्या रात्रीपासून सुरू करा, आणि किती झोप येते ते आधी जमिनीवर पारखून घ्या. कानामागचा स्कोपोलामाइनचा पॅच डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि लावल्यावर हात साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली विस्फारते, नजर धूसर होते, मग कंपासचे आकडेही वाचता येत नाहीत. उलटीसाठी कठड्यावरून वाकू नका, बादली मागा. यात लाज कसली?

सामान मऊ बॅगेत. कडक सुटकेसला बोटीवर जागा नाही. खारट पाण्याने भिजलेला कपडा कधीच नीट वाळत नाही, मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. त्यामुळे आतल्या गरम कपड्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी बंद पिशवीत ठेवा. लाल उजेडाचा हेडटॉर्च हवा. बाळांना लावतात ते डायपर रॅशचं मलमही घ्या. ओल्या पँटमध्ये तासन्‌तास कठड्यावर बसून होणाऱ्या पुरळावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

चार तास पहारा, चार तास सुट्टी असा क्रम असेल तर प्रत्यक्ष झोप अडीच-तीन तासच मिळते, कारण कपडे चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो. पाळी बदलायला पाच मिनिटं आधी वर या. उशिरा येणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो!

आता कागदपत्रं. इंग्लंडमध्ये राहण्याचा परवाना असला, तरी भारतीय पासपोर्टवर शेरबूरला उतरायला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. वादळामुळे किंवा मोडतोड झाल्यामुळे बोट आयर्लंडच्या बंदरात शिरू शकते आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, म्हणून तिथले नियमही आधीच पाहून ठेवा. नेहमीच्या प्रवास विम्यात सागरी शर्यत बहुधा बसत नाही. शेरबूरहून बोट परत नेणारी माणसं वेगळी ठरतात. त्यांत तुम्ही आहात की प्रवासी फेरी-जहाजाने परतणार, हे स्किपरशी आधीच बोला. शर्यतीच्याच बोटीने परतणार असाल तर फ्रान्समधून बाहेर पडल्याची नोंद करूनच नांगर उचला.