घाम येणारी भिंत : आमच्या पहिल्या सार्वजनिक कामाचा अनुभव

हस्तकलेचे शिक्षण त्याच वर्षी संपवलेले आम्ही तिघे होतो. माझे मातीकाम, मैत्रिणीचे विणकाम आणि मित्राचे बांबूकाम. नागपुरात कलादालनाच्या भिंतींबाहेर, रस्त्यावरच्या माणसांच्या मधोमध एक मांडणशिल्प उभे करावे, आणि ते त्याच जागेसाठी असावे, दुसरीकडे उचलून नेले तर निरर्थक ठरावे, एवढेच आमचे ठरले होते. जागा मात्र ठरत नव्हती. पहिले नाव अर्थातच झिरो माईलचे निघाले. चार दगडी घोडे, वालुकाश्माचा स्तंभ, शेजारचा १९०७ सालचा सर्वेक्षणाचा दगड आणि ‘देशाचा मध्यबिंदू’ ही वादग्रस्त ख्याती, हे सगळे कोणत्याही नवख्या कलावंताला भुरळ घालणारेच आहे. पण आठवडाभर रेखाटने केल्यावर लक्षात आले की आम्ही त्या जागेसाठी काहीच करत नव्हतो. आमच्या वस्तूंच्या मागे एक प्रसिद्ध पडदा लावत होतो, इतकेच. शिवाय वारसास्थळाला हात लावण्याच्या परवानग्या निराळ्या असतात. तो बेत सोडला.

शेवटी महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीतल्या एका वळणावरची जागा निवडली. रुंद होत गेलेला पदपथ, एक जुना कडुनिंब आणि त्याच्या मागे एक लांबलचक कोरी भिंत. झाडाखाली कुलुपे-किल्ल्या दुरुस्त करणारे काकाजी, खुर्ची आणि आरसा टांगून बसणारे एक केशकर्तनकार, सकाळी फुले विकणारी एक आजी आणि दुपारी सावलीला थांबणारे रिक्षावाले. पाहणीच्या वहीत आम्ही लिहिले होते : ‘भिंत रिकामी, जागा रिकामी.’ हे वाक्य पुढे फार उपयोगी पडले, पण आम्हाला वाटले होते त्या कारणाने नव्हे.

कल्पना उन्हातून आली. एप्रिल-मे महिन्यांतली नागपूरची हवा केवळ तापलेली नसते, ती कोरडीही असते, आणि म्हणूनच इथे घरोघरी वाळ्याच्या ताट्या लावलेले कूलर चालतात. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते. एक लीटर पाण्याची वाफ होण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे ५८ लीटर पाणी १० अंशांनी थंड होऊ शकते. माठाचे सगळे शास्त्र एवढेच आहे. तेव्हा बांबूच्या चौकटीत मातीच्या आडव्या नळ्या रचायच्या, वरच्या पन्हाळीतून सुती वातींनी त्यांच्यावर पाणी उतरवायचे आणि त्या ओल्या नळ्यांतून येणारी हवा झाडाखाली बसणाऱ्यांच्या पाठीला लागू द्यायची, असे ठरले. हेच काम मुंबईच्या दमट हवेत केले असते तर भिंत नुसती ओली राहिली असती. जागेसाठी काम म्हणतात ते हेच, असे आम्ही मोठ्या अभिमानाने एकमेकांना सांगितले.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यात कंटाळ्याखेरीज फारसे काही नव्हते. एका कार्यालयातल्या अर्जावर ‘कलाकृती’ असा रकानाच नसल्यामुळे आमची नोंद ‘मंडप’ म्हणून झाली. वाहतुकीचे ना हरकत प्रमाणपत्र, मुद्रांक कागदावरचे हमीपत्र, अनामत रक्कम आणि झाडाला खिळा, तार किंवा दोरी लावणार नाही असे लेखी आश्वासन, हे सगळे क्रमाने द्यावे लागले, आणि प्रत्येक वेळी आधीच्या कागदाची एक प्रत कमी पडली. एकच अट खरोखर विचार करायला लावणारी होती. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, तेव्हा पन्हाळ आणि खालचे टाके आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून, घासून, कोरडे ठेवायचे. या अटीमुळे टाक्याचा आकारच बदलला, कोपरे गोल झाले, आणि खरे सांगायचे तर ते आमच्या मूळ आराखड्यापेक्षा देखणे दिसू लागले.

खरी परीक्षा मातीने घेतली. शिकताना आम्हाला विजेच्या भट्टीची सवय झालेली. मी ९६ नळ्यांपैकी पहिल्या ३० अशाच भट्टीत १,०५० अंशांवर भाजल्या. रंग सुरेख आला, टिचकी मारली की काशाच्या भांड्यासारखा नाद येई, आणि पाणी घातले तर बाहेरचा पृष्ठभाग तासभर कोरडाच. जास्त तापमानाला मातीचे कण एकमेकांत वितळून मिसळू लागतात, छिद्रे बुजतात, हे मी परीक्षेत लिहिले होते. हाताला ते कळले नव्हते. त्या नळ्या घेऊन मी एका वयस्कर कुंभारकाकांकडे गेले. त्यांनी एक नळी कानाशी वाजवली आणि म्हणाले, ‘‘पोरी, हे लयच शिजवून टाकलं तू. मडक्याले घाम आला पाहिजे. याले कुठून येईन?’’

त्यांच्याकडे मी तीन आठवडे राबले. तलावाच्या गाळाची माती, त्यात चाळलेली राख आणि घोड्याची लीद. लीद भाजताना जळून जाते आणि तिच्या धाग्यांच्या जागी बारीक वाटा उरतात, त्यांतून पाणी पाझरते. प्रमाण ते सांगत नसत. ओला गोळा अंगठ्याने दाबून तो कसा फाटतो ते पाहत, आणि मला तेच करायला लावत. गोवऱ्या, लाकूड आणि पेंढ्याच्या आव्यात भाजलेल्या नळ्यांचा रंग एकसारखा आला नाही, कुठे काळा डाग, कुठे विटकरी, पण पाणी घातल्यावर दहा मिनिटांत त्यांच्या अंगावर ओल उमटली. एक गोष्ट मात्र त्यांच्यापुढे चालली नाही. अक्षय्यतृतीयेच्या आधी आम्हाला उभारणी हवी होती, आणि त्या दिवशी उदककुंभाचे दान होत असल्याने त्यांचा सारा धंदा त्याच पंधरवड्यात. आमच्या नळ्या आव्यात मागच्या रांगेत गेल्या. तारीख आम्ही पुढे ढकलली.

वातींचे गणित मैत्रिणीने सोडवले. तिचे आजोबा १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. कोरड्या हवेत सुती धागा तुटतो म्हणून गिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवत, ही गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली. गिरणीने सुतासाठी हवा ओली केली आणि आता आपण हवेसाठी सूत ओले करतो आहोत, असे ती म्हणे. घट्ट पिळाच्या वाती पाणी नीट ओढत नव्हत्या, म्हणून तिने सैल पिळाच्या पट्ट्या हाताने विणल्या.

उभारणीच्या दिवशी कळले की परवानगी देणारे खरे लोक झाडाखालीच बसलेले होते. केशकर्तनकारांच्या आरशावर येणारा उजेड आमच्या चौकटीने अडत होता. आजीच्या टोपलीवर शिंतोडे उडाले, तर ती रागावण्याऐवजी ‘‘इकडंच येऊ दे पाणी, फुलं टवटवीत राहतेत’’ असे म्हणाली. रिक्षावाल्यांना टेकायला काहीच नव्हते. तीन दिवस चौकट उभी करून पुन्हा उतरवली. शेवटी ती मधोमध तुटलेली झाली, आरशासाठी तीन फुटांची मोकळी फट राहिली, एका टोकाला फुलांच्या टोपलीसाठी ओला कट्टा आला आणि मित्राने खालचा बांबू बसता येईल इतका जाड घेतला. आराखड्यातली सलग, शिस्तबद्ध भिंत उरली नाही. आम्हा दोघींना ते रुचले. मित्राला आजही रुचलेले नाही.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भिंतीने आपले काम केले. एका दुपारी रस्त्यावर ४४ अंश असताना नळ्यांपासून वीतभर अंतरावर आमच्या तापमापकात ३७ दिसले. ते एका जागेचे, एका वेळेचे मोजमाप होते, पण रिक्षावाले जेवणाचे डबे तिथे आणून उघडू लागले होते. अडचणही आलीच. बोअरच्या जड पाण्याने दोन आठवड्यांत नळ्यांवर पांढरा क्षार धरला आणि पाझर मंदावला. नारळाच्या काथ्याने घासण्याचे काम आम्ही पाळीपाळीने केले, आणि आमची पाळी चुकली की काकाजी दुकान सोडून करत. लोक मात्र तिला कलाकृती म्हणाले नाहीत. ‘ते थंड’ म्हणत. ‘‘त्या थंडापाशी थांब,’’ असा पत्ता मी स्वतः ऐकला आहे.

जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला, हवा दमट झाली आणि नळ्यांचा घाम आटायचा थांबला. मागे शेवाळ धरू लागले. मुदतही संपतच होती. आम्ही सारे उतरवले. चौकटीचा बांबू केशकर्तनकारांनी ताडपत्रीसाठी मागून घेतला, नळ्या ज्याने त्याने नेल्या.

उरली अनामत रक्कम. ती परत मिळण्यासाठी जागा पूर्ववत केल्याचा पुरावा म्हणून आधीचे आणि नंतरचे अशी दोन छायाचित्रे हवी होती. आमच्याकडे नळ्यांची, वातींची, भट्टीची मिळून कित्येक छायाचित्रे होती, पण आधीच्या जागेचे एकही नव्हते. रिकाम्या जागेचे कोण काढतो? शेवटी काकाजींच्या मोबाईलमध्ये एक सापडले, मागच्या उन्हाळ्यातले, नातवाला कडेवर घेऊन झाडाखाली उभे असलेले. ते आम्ही मोठे करून पाहिले. मागे कोरी भिंत होती, आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी, विटांवर, ओले गोणपाट गुंडाळलेला एक माठ. ‘‘तो तर नेहमीचाच,’’ काकाजी म्हणाले, ‘‘तुमच्या सामानाले जागा पाहिजे होती म्हणून मीच हलवला होता.’’

छायाचित्र आम्ही अर्जाला जोडले. नंतरच्या छायाचित्रासाठी माठ पुन्हा विटांवर ठेवला, गोणपाट भिजवले आणि मग फोटो काढला.