काचा परत केल्या

माझ्या बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मज्जेच्या तपासणीचा, रिपोर्ट सोमवारी हातात आला. दोन पानं भरून मजकूर, आणि शेवटी निष्कर्षाच्या चौकटीत एवढंच: अ‍ॅस्पिरेटमध्ये, म्हणजे सिरिंजने खेचलेल्या नमुन्यात, मज्जेचे कण नाहीत, रक्त मिसळलेलं आहे. हाडाचा तुकडा ०.६ सेंटीमीटर, त्यातला काही भाग चिरडलेला. तांबड्या पेशींच्या वाढीत किंचित दोष. एमडीएस नाकारता येत नाही, लक्षणांशी ताडून पाहावे. एमडीएस म्हणजे मज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार, रक्ताच्या कर्करोगांत मोडणारा.

मी ऑडिटचं काम करते. ‘नाकारता येत नाही’ हे मी स्वतः कितीदा लिहिलंय. समोर कागद अपुरे असले की आम्हीही असंच लिहून सही करतो. त्यामुळे त्या पॅथॉलॉजिस्टचा राग आला नाही. झोप मात्र उडाली. एमडीएस म्हणजे काय ते तोवर घरातल्या प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर वाचून घेतलं होतं, आणि प्रत्येकजण न वाचल्यासारखं वागत होता.

सुरुवात पायांवरच्या निळ्या डागांपासून झाली. कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. रक्त तपासलं तर प्लेटलेट ८२ हजार, हिमोग्लोबिन ९.८, पांढऱ्या पेशी ३,१००. तिन्ही खाली. बी-१२ची इंजेक्शनं झाली, दोन महिन्यांनी आकडे जवळजवळ तेच. मग बोन मॅरो.

त्या तपासणीबद्दल लोक उगाच काहीबाही सांगतात, म्हणून जे झालं ते लिहिते. कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी. कमरेच्या मागच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, तिथे भूल देतात. भूल कातडीला आणि हाडावरच्या आवरणाला मिळते, हाडाच्या आत ती पोचत नाही. सुई आत जाताना नुसता दाब कळतो. पण सिरिंजने मज्जा खेचतात तेव्हा पायाच्या आतून कोणीतरी दोरी ओढावी तसं होतं. चार-पाच सेकंद. माझ्या वेळी हे तीनदा झालं, कारण दोनदा काही आलंच नाही. “अजून एकदाच हं,” असं मागून कोणीतरी म्हणालं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, तीन महिने थांबू आणि पुन्हा करू. आज विचाराल तर ते अगदीच चूक नव्हतं. पण तीन महिने त्या चौकटीतल्या शेवटच्या ओळीसोबत काढायचे, हे मला जमणारं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का, हे त्यांना विचारायची मी तीन रात्री तालीम केली. “तुमच्यावर अविश्वास नाही, पण…” अशी सुरुवात करायची, की नवऱ्यावर ढकलायचं, “घरचे म्हणतात”? प्रत्यक्षात मी “दुसरं मत” एवढे दोन शब्द उच्चारले आणि ते म्हणाले, “जरूर घ्या. पत्र देतो.” आणि दिलंसुद्धा. तीन रात्री फुकट.

धाकट्या बहिणीने दुसऱ्या रक्तविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. “ताई, रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढून ठेव,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिकडून फोन: “स्लाइड्स आणि ब्लॉक घेऊन या. नुसता रिपोर्ट नको.” स्लाइड्स म्हणजे नमुना लावलेल्या काचा, ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला हाडाचा तुकडा.

मी खुर्चीत बसल्याबसल्या ओशाळले. अख्खं आयुष्य लोकांना सांगत आले की ताळेबंद दाखवू नका, व्हाउचर आणा. आणि स्वतःच्या बाबतीत ताळेबंदाची झेरॉक्स घेऊन निघाले होते. रिपोर्ट म्हणजे कोणाला तरी काय दिसलं त्याचं वर्णन. दुसऱ्याने तेच वर्णन वाचून दिलेलं मत हे त्या भाषेवरचं मत. बघायच्या असतात त्या काचा.

लॅबच्या खिडकीवर मात्र ब्लॉक बाहेर देत नाही म्हणाले. पत्र दाखवलं, अर्ज भरला, ओळखपत्राची प्रत दिली, मग एका तासाने रजिस्टरवर सही घेऊन माणसाने मोजून समोर ठेवलं: सात काचा, एक ब्लॉक. काचा प्लॅस्टिकच्या खाचांच्या डबीत. ब्लॉक उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, मेण असतं, असं त्याने दोनदा बजावलं.

घरी आल्यावर मी एक काच खिडकीशी धरली. जांभळट पुसट डाग, शाई सांडून कोणीतरी बोटाने पसरवल्यासारखा. ब्लॉकमध्ये, पांढऱ्या मेणात, शिसपेन्सिलीचं टोक तुटून पडावं एवढा तुकडा. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. एवढ्याशा ऐवजावर दोन पानं कशी लिहिली असतील, असंच वाटत राहिलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी काचा आधी त्यांच्या पॅथॉलॉजिस्टकडे दिल्या आणि आम्हाला चार दिवसांनी बोलावलं. मी तयारी करून गेले होते: पहिला रिपोर्ट चुकीचा निघाला तर काय, बरोबर निघाला तर काय. त्यांचं पहिलंच वाक्य, “त्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. आम्हीही हेच लिहिलं असतं. वाचण्यात चूक नाही, वाचायला पुरेसं काही नाही.” हाडाचा तुकडा निदान दीड-दोन सेंटीमीटर लागतो. अ‍ॅस्पिरेटमध्ये कणच नसतील, तर पाचशे पेशी मोजायच्या त्या कुठून? शिवाय त्या पातळ नमुन्यावर गुणसूत्रांची तपासणी कोणी पाठवलीच नव्हती. “तीन महिने थांबायचं कारण नाही. नमुना वाईट होता, तो आत्ताच नीट घेऊ.”

मग पाऊण तास प्रश्न. त्यातले निम्मे मला कोणी विचारलेच नव्हते. संधिवाताची गोळी? दारू? थायरॉइड? झिंकच्या गोळ्या किती दिवस? मी दचकले. सर्दीच्या नावाखाली बरेच महिने मी त्या घेतच होते, मनाला येईल तशा. झिंक जास्त झालं की शरीरात तांब्याचं शोषण अडतं, आणि तांबं कमी पडलं की मज्जा हुबेहूब एमडीएससारखी दिसू शकते, असं ते म्हणाले. आम्ही दोघं बहिणी एकमेकींकडे बघत राहिलो, जणू उत्तर सापडलंच. तपासणीत तांबं व्यवस्थित निघालं. गोळ्या बंद केल्या त्या केल्याच.

दुसऱ्यांदा मज्जा काढली ती दुसऱ्या बाजूने. या वेळी मी सुईचं नाव विचारलं. जमशिदी. १९७१ साली एका जमशिदी नावाच्या डॉक्टरांनीच ती आणली. सुई टोकाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे हाडाचा तुकडा न चिरडता आत शिरतो. काढल्यावर डॉक्टरांनी बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. फिकट लालसर, बारीक काडीसारखा. “अठरा मिलिमीटर,” म्हणाले. खर्चाच्या पावतीपेक्षा हा आकडा मला लख्ख आठवतो.

रिपोर्टला दहा दिवस लागले, कारण हाड आधी मऊ करावं लागतं आणि गुणसूत्रांसाठी पेशी वाढवाव्या लागतात. मज्जेतल्या पेशींचं प्रमाण ४५ टक्के. शंभरातून वय वजा करायचं हा त्यांचा ढोबळ हिशेब, माझं वय ५२, तेव्हा ठीक. ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी, २ टक्के. बिघडलेल्या दिसणाऱ्या पेशी आहेत, पण दहा टक्क्यांच्या आत, आणि दहाच्या खाली दोन अनुभवी डोळ्यांचंही एकमत होईलच असं नाही. वीस पेशींची गुणसूत्रं तपासली, सगळी सरळ. जनुकांच्या तपासणीत काही सापडलं नाही.

“मग मला झालंय काय?”

“पेशी कमी आहेत. कारण आज सापडत नाही. याला नाव आहे, पण नाव म्हणजे निदान नव्हे. दर तीन महिन्यांनी रक्त बघू. आकडे खाली सरकले तर पुन्हा मज्जा.”

थोडक्यात, तीन महिनेच. पहिल्या डॉक्टरांनी सांगितले होते तेवढेच. बहीण गाडीत म्हणाली, “मग एवढा खटाटोप कशाला केला?” मी तिला उत्तर दिलं नाही. त्या रात्री मात्र मी सात तास झोपले. परवाच्या प्लेटलेट ८६ हजार आहेत.

काल काचा परत करायला गेले. खिडकीवर तोच माणूस. त्याने डबी उघडली, एकेक काच उचलून नंबर रजिस्टरशी ताडला, ब्लॉक उलटा करून पाहिला.

“सात आणि एक,” तो म्हणाला. “बरोबर आहे. सही करा.”