सहा ट्रान्झिस्टरचा मिडियम वेव्ह रेडिओ सेट : ऑडिओ आणि आयएफ झाले, ट्रॅकिंग बाकी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या जुन्या भावपत्रकांत 'सहा ट्रान्झिस्टर, एक बँड' म्हणून जो संच असायचा, तोच सध्या बोर्डावर आहे. स्टेशनचा सिग्नल ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर (आयएफ) आणणारा मिक्सर आणि तो वाढवणारे दोन्ही आयएफ टप्पे यांना एएफ ११७, त्यातून आवाज वेगळा काढणारा डिटेक्टर डायोड ओए ७९, ड्रायव्हर एसी १२६, शेवटी स्पीकर चालवणारी एसी १२८ ची जोडी. पत्रकात नंबर आणि भाव एवढंच असे. पन्नास वर्षं डब्यात पडून राहिलेला भाग कुठे दगा देईल, ते आपणच तपासायचं.

सगळ्यात आधी एएफ ११७. याला चार पाय असतात, चौथा बाहेरच्या धातूच्या टोपीला जोडलेला. टोपीच्या आत कथलाचे केसाहून बारीक तंतू वाढतात आणि एखाद्या पायाला टेकतात. टोपी आणि बाकीचे तीन पाय यांमध्ये मीटरने कंटिन्युइटी पाहा. काहीही दाखवायला नको. एकच पाय टेकला असेल तर चौथा पाय अर्थपासून कापला की काम भागतं. दोन पाय टेकले असतील तर ते टोपीमार्फत एकमेकांनाच शॉर्ट होतात, मग कापून उपयोग नाही. त्या जागी बीएफ १९४ घालायचा मोह होतो, पण तो एनपीएन आहे; एएफ ११७ जर्मेनियमचा पीएनपी, त्यामुळे इथे पुरवठा उलटा. सिलिकॉन पीएनपी चालेल, मात्र बेसला ०.२ ऐवजी ०.६५ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे बायसचे (बेसचा व्होल्टेज ठरवणारे) रेझिस्टर बदलणं आलंच.

पुरवठ्याचं आणखी एक. या सेटमध्ये बॅटरीचा प्लस अर्थला आहे, त्यामुळे बहुतेक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची प्लस बाजू अर्थकडे. हल्लीच्या सवयीने हात उलटा जातो. जुने इलेक्ट्रोलिटिक तपासत बसू नका, सरसकट नवे घाला.

ऑडिओ भाग पूर्ण झाला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपमध्ये मीटर घालून, सिग्नल नसताना, जोडीचा एकूण करंट ५ मिलिअँपियरवर ठेवला आहे. याहून फार कमी केला तर बारीक आवाजात बोलणं खरखरीत येतं. जास्त केला तर जर्मेनियम गरम होतं, गळती वाढते, त्याने आणखी गरम होतं. एसी १२८ ला फिन लावलेली बरी, आणि जोडी गेनने जुळवूनच घ्यावी.

आयएफ ४५५ किलोहर्ट्झला जुळवले, शेवटच्या आयएफटीपासून (आयएफ ट्रान्सफॉर्मर) मागे मिक्सरकडे येत. जनरेटरचा सिग्नल ऐकू येण्यापुरताच ठेवा, नाहीतर एजीसी (सिग्नल वाढला की गेन आपोआप कमी करणारी व्यवस्था) मध्ये येतं आणि शिखर सापडत नाही. आयएफटीचा गाभा फिरवायला प्लास्टिकची किंवा बांबूची पट्टी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर जवळ आला की इंडक्टन्स बदलतो, शिवाय गाभा तडकतो. तडकलेला गाभा आतच अडकला की आयएफटी बाद!

राहिलं ट्रॅकिंग, म्हणजे डायल फिरवताना ऑसिलेटर नेहमी अँटेनाच्या ४५५ वरच चालेल असं जुळवणं. ५२५ ते १६२० किलोहर्ट्झ घ्यायचं तर ऑसिलेटर ९८० ते २०७५ फिरायला हवा. अँटेना बाजूला कपॅसिटन्स साधारण साडेनऊ पट बदलावा लागतो, ऑसिलेटरला साडेचार पटच. म्हणून दोन्ही भाग सारखे असलेल्या गँगला (एकाच दांड्यावर फिरणारा दुहेरी कपॅसिटर) पॅडर, म्हणजे ऑसिलेटरच्या भागाला सिरीजमध्ये एक कपॅसिटर, लागतो. ऑसिलेटरचा भाग मुळातच लहान असलेल्या गँगला पॅडर लावायचा नाही. ही गफलत झाली की एक टोक जुळतं आणि दुसरं हातातून सुटतं.

क्रम असा: ६०० किलोहर्ट्झला ऑसिलेटर कॉइलचा गाभा, मग फेराइट रॉडवर अँटेना कॉइल सरकवणं, १४०० ला दोन्ही ट्रिमर (जुळवणीचे छोटे कपॅसिटर), पुन्हा ६००. फरक पडेनासा होईपर्यंत. अँटेना कॉइल बरोबर बसली का, हे पाहायला एका काडीच्या एका टोकाला फेराइटचा तुकडा, दुसऱ्याला पितळेचा. कॉइलजवळ फेराइट नेल्यावर आवाज वाढला तर इंडक्टन्स कमी आहे, कॉइल रॉडच्या मध्याकडे सरकवा. पितळेने वाढला तर टोकाकडे. दोन्हींनी कमी झाला की मेण लावून टाका.

अँटेना कॉइलच्या लिट्झ (अनेक बारीक पदरांच्या) तारेचे सगळे पदर कल्हईत यायला हवेत. एखादा सुटला तर कॉइलचा क्यू (नेमकी फ्रिक्वेन्सी निवडण्याची धार) घसरतो आणि शेजारची स्टेशनं एकमेकांत घुसतात.

सध्या ९१० किलोहर्ट्झच्या आसपास एक शिट्टी येते आहे. तो आयएफचा दुसरा हार्मोनिक (४५५ ची दुप्पट), डिटेक्टरकडून रॉडवर परत येतो. ओए ७९ च्या तारा आखूड करून आणि त्याचा आयएफटी रॉडपासून लांब वळवून पाहायचं आहे. ते जमलं की मगच डायल छापायला घेऊ.