गुर्जी, आपल्याकडं कुठं हाये ज्वालामुखी?

हा प्रश्न पहिल्यांदा आमच्या चक्कीवाल्यानं विचारला. ज्वारीचं दळण व्हायचं होतं, मी बाकड्यावर बसून मोबाइलवर इंडोनेशियातल्या एका डोंगराचा धूर बघत होतो. त्यानं डोकावून पाहिलं, पिठाचे हात झटकले आणि म्हणाला, "गुर्जी, आपल्याकडं कुठं हाये ज्वालामुखी? रोज कायले पाहून रायले तुमी हे?"

पुढे जावयांनी विचारलं, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, शाळेच्या निरोप समारंभात दहावीच्या एका मुलीनं तर माइकवरून विचारलं. दरवेळी "रिटायर माणूस, दुसरं काय करणार" म्हणून मी वेळ मारून नेली. खरं उत्तर लांब आहे आणि त्यात माझी एक चूक आहे. पण आता इतक्यांनी विचारलंत, तर सांगून टाकतो.

आधी चक्कीवाल्याचा प्रश्न. आपल्याकडे ज्वालामुखी नाही, पण आपण बसलोय लाव्हावरच. आमच्या मेहकर-लोणार पट्ट्यात ज्यानं विहीर खोदली त्याला हे वेगळं सांगायला नको. वर काळी माती, खाली मुरूम, मग भोकाभोकाचा मांजऱ्या, मग सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. मध्येच एक लाल पट्टा लागतो आणि त्याखाली पुन्हा पाषाण. हे सगळे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेल्या लाव्हाचे थर. लाल पट्टा म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात तयार झालेली माती. आपली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी आहे ती त्याच दगडाच्या चुऱ्यात. ज्या चुलीवर हे सगळं उकळलं ती मात्र आता आपल्याखाली नाही. आपली भूमी उत्तरेकडे सरकत गेली आणि चूल मागे राहिली. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली ती आजही पेटलेली आहे, असं भूशास्त्रज्ञ मानतात. तिथला डोंगर अधूनमधून ओततच असतो.

लोणारबद्दलही एकदाचं लिहून ठेवतो, कारण पाहुणे हमखास फसतात. ते ज्वालामुखीचं तोंड नाही. ते उल्का आदळून पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आहे. फसण्यात तुमचा दोष नाही म्हणा, आजूबाजूला सगळा लाव्हाचाच दगड असल्यामुळे एके काळी भले भले अभ्यासकही फसले होते. भारतातला जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथे माणसांची वस्ती नाही.

आता मी रोज काय पाहतो ते. जगभरातल्या वेधशाळा आपापल्या डोंगरांची खबर देतात, ती मी वाचतो. डोंगर फुटण्याआधी बहुधा काही ना काही दाखवतो. पोटात बारीक बारीक भूकंप सुरू होतात, उतार काही मिलिमीटर फुगतो, गंधकाचा वायू वाढतो. भूकंपमापक, उपग्रहाचं रडार, वायू मोजणारी यंत्रं या सगळ्यांचा डोळा त्याच्यावर असतो. ज्यानं गोठ्यात रात्र काढलीय त्याला हे लगेच समजेल. गाय व्यायला झाली की कास भरते, शेपटीच्या बाजूला खळगे पडतात, ती उठबस करते. ती व्यायला आली हे कुणीही सांगेल. आज पहाटे की परवा दुपारी, हे मात्र सांगता येत नाही. ज्वालामुखीवाल्यांची सगळी पंचाईत या "परवा दुपारी"तच आहे. कधी कधी तर गाय काहीच न दाखवता विते.

विमानांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे इशाऱ्याचे रंग आहेत. राखेचा ढग कुठे चाललाय हे सांगणारी जगात नऊ केंद्रं आहेत. राख म्हणजे आपल्या चुलीतली राख नव्हे, ती दगडाची आणि काचेची भुकटी असते. इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आत काचेसारखी चिकटते. १९८२ साली इंडोनेशियातल्या गालुंगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. वैमानिकांनी बरंच खाली आल्यावर ती पुन्हा चालू केली आणि जकार्ताला सुखरूप उतरले. विमानाच्या हवामान रडारवर ही कोरडी राख दिसत नाही, म्हणून कुणीतरी ओरडून सांगावं लागतं.

पण खरं सांगू का, यंत्रांचं मला तेवढं वेड नाही. मला ओढ आहे ती त्यांच्या पुढच्या पायरीची. यंत्राला कळलं, मग पुढे काय? कुणी कुणाला सांगितलं? कुठल्या शब्दांत? त्यानं ऐकलं का?

ही ओढ लागली तो दिवस असा. काही वर्षांपूर्वीचा जून, पेरणीचे दिवस. पुण्याच्या संस्थेनं काढलेलं विजेचं दामिनी अ‍ॅप मी हौसेनं फोनमध्ये घेतलं होतं. वाजलं की मी ओट्यावरून ओरडायचो, "आज वावरात जाऊ नका, वीज आहे." असं तीनदा झालं. तिन्ही वेळा वीज पडली ती पलीकडच्या शिवारात, आमच्याकडे नुसता वारा. पारावरची पोट्टी त्याला "गुर्जीची वीज" म्हणायला लागली. चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा माझा शेजारी बैल घेऊन समोरूनच चालला होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणालो, "चाललास का?" तो म्हणाला, "हो जी."

पाऊस सुरू झाल्यावर त्यानं बैल धुऱ्यावरच्या निंबाखाली सोडले आणि स्वतः शेजारच्या खोपडीत शिरला. दोन्ही बैल गेले. तलाठी आला, पंचनामा झाला, भरपाई मिळायची ती मिळाली. तो दोन दिवस गोठ्यात रिकाम्या दाव्यांकडे बघत बसला होता. मला अर्धा तास आधीच ठाऊक होतं, हे त्याला अजून माहीत नाही. आता मुलगा हे वाचून दाखवेल तेव्हा कळेल.

त्यानंतर मी शोधायला लागलो की माझ्यासारखी माणसं जगात आणखी कुठे आहेत. सापडली ती ज्वालामुखीच्या पायथ्याशी.

कोलंबियातलं आर्मेरो हे गाव घ्या. कापूस पिकवणारं, म्हणून जवळचं वाटतं. त्याच्या वर नेवादो देल रुइझ हा बर्फाचा डोंगर. १९८५ साली तो वर्षभर धुसफुसत होता. ऑक्टोबरमध्ये धोक्याचा नकाशा तयार झाला आणि त्यात आर्मेरो ठळकपणे चिखलाच्या वाटेत दाखवलं होतं. १३ नोव्हेंबरला दुपारी गावावर राख पडली, तर घरातच राहा, शांत राहा असं सांगण्यात आलं. रात्री नऊच्या सुमारास डोंगर फुटला. स्फोट काही फार मोठा नव्हता, पण त्यानं वरचा बर्फ वितळवला आणि राखेचा, दगडांचा लोंढा नदीच्या पात्रातून खाली सुटला. गावात पोचायला त्याला दोन-अडीच तास लागले. दोन-अडीच तास! म्हातारं माणूसही तेवढ्यात टेकाडावर चढून जातं. सुमारे २३,००० माणसं गेली. नकाशा होता, वेळ होता, टेकाड होतं. नव्हता तो ओट्यावरून ओरडणारा माणूस. किंवा असेलही, आणि त्यानं माझ्यासारखंच तोंड मिटलं असेल.

तोंड का मिटतं, हेही मला त्याच वाचनात सापडलं. १९८२ साली अमेरिकेच्या भूगर्भ खात्यानं कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्स या पर्यटनाच्या गावाबद्दल सावधगिरीची नोटीस काढली. डोंगर काही फुटला नाही. घरांचे भाव मात्र पडले, हॉटेलं ओस पडली आणि लोक खात्यावरच उखडले. थोडक्यात, सरकारी इतमामातली गुर्जीची वीज. इशारा खोटा ठरला की व्यापाऱ्याचं नुकसान वहीत लिहिलं जातं. इशारा दिलाच नाही तर कोण गेलं, याचा हिशेब उशिरा लागतो.

उलटंही घडलंय आणि ते मला फार आवडतं. पापुआ न्यू गिनीत राबाउल नावाचं बंदराचं शहर आहे. १९८३ ते १९८५ तिथे जमीन इतकी हादरत होती की सगळी तयारी झाली, रस्ते ठरले, लोकांकडून सराव करून घेतला. काहीही फुटलं नाही. नऊ वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, पुन्हा हादरे सुरू झाले तेव्हा हुकमाची वाट न पाहता लोक रात्रीतच बाहेर पडले. १९३७ चा स्फोट पाहिलेली म्हातारी माणसं अजून हयात होती, आणि पोकळ गेलेला तो सरावही अंगात होता. सकाळी दोन तोंडं फुटली. राखेच्या भारानं अर्धं शहर कोसळलं, पण माणसं दगावली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. खोटा ठरलेला इशारा वाया जातोच असं नाही, हे मला एवढ्या लांबून शिकावं लागलं.

आणि एक जपानची गोष्ट, शब्दाची. ओंताके नावाच्या डोंगरावर सप्टेंबर २०१४ मध्ये, शनिवारच्या भर दुपारी, गिर्यारोहकांची गर्दी असताना आतली वाफ फुटली. मृत आणि बेपत्ता मिळून ६३. त्या वेळी डोंगर इशाऱ्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवर होता. त्या पातळीचं नाव होतं "नेहमीसारखं". लोकांनी त्याचा अर्थ "काही धोका नाही" असा घेतला, कुणीही घेईल. पुढच्या वर्षी जपाननं ते नाव बदललं. आता पहिल्या पातळीवर लिहितात, हा जिवंत ज्वालामुखी आहे हे ध्यानात ठेवा. यंत्रं आणखी घेतली असतीलच, पण एक शब्दही बदलावा लागला, हे मला चाळीस वर्षं फळ्यावर लिहून झाल्यावर विशेष वाटतं.

चक्कीवाल्याचा प्रश्न खुद्द आमच्या गावात आला तो २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये. इथिओपियात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी २३ तारखेला, रविवारी फुटला. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत तो फुटल्याची नोंद नव्हती. राख चौदा किलोमीटरपर्यंत उंच गेली, तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून सोमवारी रात्री आपल्या देशावर आली. विमानं रद्द झाली. आणि आमच्या गावच्या ग्रुपवर मेसेज फिरला: राखेचा पाऊस पडणार, कापूस काळा होणार, दोन दिवस बाहेर पडू नका.

वेचणीचा मोसम ऐन भरात. बोंडं फुटलेली, मंगळवारच्या बाया ठरलेल्या. एका व्यापाऱ्यानं तर रात्रीच फोन करून "राखेचा माल" म्हणून भाव पाडायला सुरुवात केली. अफवेवर सगळ्यात आधी कुणाची पोळी भाजली जाते ते पाहा. साडेनऊला सात-आठ जण माझ्या ओट्यावर हजर. त्यात शेजारीही.

मी राखेच्या त्या नऊ केंद्रांपैकी फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राचा नकाशा उघडला. राख होती ती विमानांच्या उंचीवर, हजारो फूट वर, आणि गुजरात-राजस्थानावरून दिल्लीकडे पळत होती. हवामान खात्याचं म्हणणं होतं की मंगळवारी संध्याकाळपर्यंत ती चीनकडे निघून जाईल. हे मी वऱ्हाडीत सांगितलं: "ते लय वरून जाऊन रायलं. इमानाले तरास, पऱ्हाटीले नाही."

शेजारी म्हणाला, "नक्की ना गुर्जी?"

"धोका नाही" म्हणणं हाही इशाराच आणि तोही चुकू शकतो. सगळी मान वर करून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, माझीही दोन एकर उभी आहे, माझ्याही बाया उद्या वावरात जातील. तेवढ्यावर मंडळी उठली. नकाशा कुणीही नीट पाहिला नव्हता.

मंगळवारी कापूस पांढराच निघाला. त्याच दिवशी मी वाचलं की ज्वालामुखीजवळचं अफदेरा गाव राखेनं माखलंय आणि तिथल्या गुराख्यांच्या जनावरांना चरायला काही उरलेलं नाही. मला ते वाचून कापसाचा आनंद धड झाला नाही.

तर मी रोज जे पाहतो ते यासाठी. फोनवर आलेलं मी आता पोटात ठेवत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जुना फळा आहे, त्यावर मोठ्या अक्षरात लिहितो: "वीज. ४ ते ६. झाडाखाली बैल बांधू नका. खोटं निघालं तर शिव्या गुर्जीले." शिव्या मिळतात, पोट्ट्यांची करमणूक होते. पण निंबाखालून बैल सोडून नेतानाही मी माणसं पाहिली आहेत.

मागच्या पावसाळ्यात एकदा चार दिवस फळा कोराच होता. शेजारी दारात येऊन उभा राहिला. आता त्याच्याकडे नवी जोडी आहे.

"गुर्जी, आज काही लिहलं नाही?"

"काही नाही, म्हणून नाही लिहिलं."

"मंग काही नाही, असं लिहा ना. मले कसं समजन का काही नाही, का तुमी झोपले?"

मी खडू घेऊन गेलो. तारीख टाकली आणि लिहिलं, "आज इशारा नाही." मग ओंताके आठवला. खाली आणखी एक ओळ वाढवली: "तरी आभाळ पाहत राहा."