तुम्ही विचारलंत म्हणून : लागोसच्या वेशीवर जागा घ्यावी का?

नायजेरियातल्या लागोसमध्ये बरीच वर्षे काढल्यामुळे, शहराच्या पूर्वेकडील इबेजू-लेक्कीच्या बाजूला गोदामासाठी जागा घेऊन ठेवावी का, असे मला ओळखीचे लोक वरचेवर विचारतात. उद्योगपती डांगोटे यांचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि २०२३ मध्ये सुरू झालेले लेक्की बंदर पाहिल्यावर तो मोह मलाही पडला होता, म्हणून माझीच हकिगत सांगतो.

एक्सप्रेसवेपासून जवळच ६० बाय १२० फुटांचे दोन लागून असलेले प्लॉट मी पसंत केले होते. कोपऱ्यांवर क्रमांक कोरलेले सिमेंटचे खुंट होते, विकणाऱ्या कुटुंबातील ज्येष्ठ मंडळी समोर बसली होती आणि मोजणीचा नकाशाही तयार होता. मात्र 'एक्सिजन'चे, म्हणजे सरकारी संपादनातून गावाला जमीन मोकळी करून देण्याचे काम 'चालू आहे', असे ते म्हणाले, आणि तिथेच माझे मन शंकले. आपल्याकडे सातबारा काढून पाहतात, तसे तिथे नकाशावरील निर्देशांक आलौसा या सरकारी कचेऱ्यांच्या भागातील सर्व्हेअर-जनरल कार्यालयात तपासून घेतात. माझ्या सर्व्हेअरने ते तपासले, तेव्हा जमीन सरकारने ठरावीक प्रकल्पासाठी राखून ठेवलेली निघाली. नुसत्या सर्वसाधारण संपादनात असती, तर पैसे भरून नियमित करून घेण्याची वाट तरी होती. राखीव जमिनीला तीही नाही. मी इसार दिला नव्हता, एवढेच माझे शहाणपण.

जमीन निर्वेध निघाली, तरी १९७८ च्या कायद्यानुसार राज्यातील जमीन गव्हर्नरच्या ताब्यात असते. आपल्याला मिळतो तो ठरावीक मुदतीचा, बहुधा ९९ वर्षांचा भोगवटा, तो हस्तांतरित करायला गव्हर्नरची संमती लागते, आणि परदेशी नागरिकाला तर आधी लेखी मंजुरी घ्यावी लागते. शिवाय 'ओमो-ओनिले' आहेतच. योरुबा या तिथल्या भाषेत याचा अर्थ जमीनमालकाची मुले; पाया खणताना एकदा आणि स्लॅब टाकताना पुन्हा ही मंडळी पैसे मागायला येतात. २०१६ च्या कायद्याने ही वसुली गुन्हा ठरवली, तरी ठेकेदार अंदाजपत्रकात तिची तजवीज करतातच. परस्पर विक्रीची धास्ती इतकी, की 'हे घर विकायचे नाही' असे लोक स्वतःच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवतात.

मी अखेर गोदाम भाड्याने घेतले. दोन वर्षांचे भाडे मात्र एकरकमी मोजावे लागले.